पालथी वाटी

"हात पोटावर असला की तोंड मिटून घ्यायचं, हिरे. पोटाचं ऐकायचं असतं. आपलं त्याला ऐकवायचं नसतं."

हा आवाज शालूबाईचा, आणि हिरा आठ वर्षांची होती तेव्हाचा. आंदर मावळात टाकव्याच्या पुढं, जिथं एसटी दिवसातून एकदा यायची आणि मनात आलं तर तेवढीही यायची नाही, तिथं शालूबाई, हिराची आई, पोटं चोळायची. बाळंतिणीचं पोट, मुरडा आलेल्या लेकराचं पोट, भाताचे भारे उचलून वाकडा झालेल्या गड्याचं पोट. कोमट तिळाचं तेल, उजवा तळवा बरगडीच्या खाली, डोळे मिटलेले. घरी परतल्यावर भांडी घासताना मात्र तिचा गळा मोकळा व्हायचा:

माझ्या बोटांचं गं दिवं, नेते पोटाच्या अंधारी
दुखणं निजलं लेकरू, त्याला उठवू नगं नारी

वरच्या आळीतून बोलावणं आलं की शालूबाई मागच्या दारानं जायची. बुद्धवाड्यातल्या बाईसाठी पुढचं दार नव्हतं. तिच्या हाताखाली पोट द्यायला कुणाची ना नसायची. तिनं हात बुडवलेली तेलाची वाटी मात्र घरात परत घेत नसत. "ने गं, तुलाच," म्हणत, जणू बक्षीस. त्यामुळं हिराच्या घरी फळीवर वाट्याच वाट्या होत्या, पितळेच्या, जर्मनच्या, एक कडा चेपलेली, एक कुणाच्या तरी लग्नातली नाव घातलेली. एकीला दुसरीचा जोड नाही. लहानपणी हिराला वाटायचं, आपण केवढे श्रीमंत.

शालूबाईची एक रीत होती. हाताला भलतंच काही लागलं, पोट फळीसारखं ताठ किंवा आत पाणी डुचमळतंय, तर ती चोळायचं थांबायची. हात धुवायची. वाटी रिकामी करून उंबऱ्यावर पालथी घालायची आणि निघायची. बोलायची काही नाही. तिचं बोलणं वरच्या आळीत कोण ऐकणार होतं? म्हणून तिच्यासाठी वाटी बोलायची: हे माझ्या हातचं नाही, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.

आता शालूबाई नाही. तिचे हात हिराला आले.

हिरा लोणावळ्यात, वळवणच्या अंगाला असलेल्या 'हिरवाई' नावाच्या आरोग्यकेंद्रात अकरा वर्षं काम करत होती. त्याआधी तिनं रीतसर कोर्स केला होता, हाडामांसाची, आतड्याची, रक्ताची नावं पाठ केली होती. आई जिला काळजाची कड म्हणायची, तिचं नाव यकृत आहे हे तिला तिथं कळलं. श्वास आत घेतला की यकृत खाली उतरतं, माहेरच्या हाकेसरशी दारात आलेल्या लेकीसारखं बोटांना शिवतं, आणि श्वास सोडला की पुन्हा बरगडीच्या आड जातं. त्या येण्याजाण्यावर हिराचं सगळं काम चालायचं. श्वास सुटताना तळवा आत सरकवायचा, श्वास भरताना हलका करायचा. मग आतड्याच्या वाटेनं गोल, सावकाश. माणूस सैल व्हायचा. वारा सरायचा. महिनोन्‌महिने वर छातीतच अडकलेला श्वास पोटापर्यंत पोचायचा आणि पुण्या-मुंबईची मोठमोठी माणसं टेबलावर घोरायला लागायची.

एवढंच होतं, आणि एवढं पुष्कळ होतं. केंद्राच्या मालकीण राजेश्वरी मॅडमना ते कमी वाटायचं. त्यांनी पत्रक छापलं, त्यावर हिराच्या हातांचा फोटो आणि खाली ओळ: 'यकृतावरची चरबी वितळवणारे हात'. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा हिरा रिसेप्शनवर बसली आणि बॉलपेननं गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रकावरची ती ओळ खोडली. मॅडम चिडल्या. मार्केटिंगला मार्केटिंगसारखं घे गं, म्हणाल्या. पुन्हा छापून आणली. हिरानं पुन्हा खोडली. चरबी कुणाच्या बोटांनी वितळत नसते, ती चालल्यानं आणि ताटात कमी वाढून घेतल्यानं जाते, आणि हात माझे आहेत, असं तिनं शांतपणे सांगितलं. तिसऱ्या खेपेला ओळ आली 'यकृताला आधार देणारे हात'. हिरानं ती दोनदा वाचली. आधार हा शब्द तिला खोटा वाटला नाही. पेन तिनं खिशात ठेवलं.

फाल्गुन लागला होता. खिडकीबाहेर काटेसावर नुसती लालेलाल झाली होती, तेव्हा दत्तोबा आले.

साठी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ, पांढरा सदरा. बरोबर पत्नी रतनबाई. सात दिवसांचं यकृत-आधाराचं पॅकेज घेतलेलं. फॉर्मवर आजारांच्या रकान्यात लिहिलं होतं 'काही नाही, गॅस'. पहिल्या दिवशी टेबलावर आडवं होताना त्यांनी रिवाजाप्रमाणं हिराला गाव विचारलं. तिनं सांगितलं. ते त्यांचंच गाव निघालं. मग अर्थातच पुढचा प्रश्न आला, कुणाची तू?

"भिकाजीची थोरली. शालूबाईची लेक."

दत्तोबा काही वेळ छताकडं बघत राहिले. मग "हां" म्हणाले आणि डोळे मिटले.

वरच्या आळीतल्या या माणसाला हिरानं आधीच ओळखलं होतं. त्यांना आख्खा आंदर मावळ ओळखायचा. चौदा वर्षांपूर्वी गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायांनी मतदान केलं, तेव्हा दत्तोबा बाटली आडवी करा म्हणत घरोघर फिरले होते. दुकानवाल्यानं धमक्या दिल्या, कासरा कापून बैल नेला, तरी हटले नाहीत. तेव्हापासून कुणी झिंगून दिसला की म्हातारी माणसं म्हणायची, थांब, दत्तोबाला सांगते. बुद्धवाड्यातल्या बायाही त्यांचं नाव चांगलं घ्यायच्या. हिराच्या मनात त्या माणसाबद्दल दोन गोष्टी शेजारीशेजारी होत्या, आडवी बाटली आणि मागचं दार, आणि त्यांचं एकमेकींशी कधी भांडण झालं नव्हतं.

बाहेर बाकावर बसून रतनबाई हिराशी बोलायच्या. गावात शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जातो असं सांगून आलोय, म्हणाल्या. आता दर्शनाला सात दिवस लागत नाहीत हे गावाला काय कळत नसेल, पण यांचा हट्ट. इथं मावसबहिणीकडं उतरलोय. गॅसनं फार पिडलंय त्यांना. जेवण जात नाही, तरी पोट वाढतंय. दिवसा पेंगतात आणि रातभर टक्क जागे. पायजम्याची नाडी आठवड्यात दोनदा सैल केली. कसल्याशा ॲसिडिटीच्या गोळ्या होत्या, त्या पण काल टाकून दिल्या, म्हणाले आता हातानंच बरं होतंय.

दुसऱ्याच दिवशी हिराच्या हाताला शंका आली होती. कड शोधायला गेलेली बोटं भलतीकडंच रुतली. ती काही बोलली नाही. हात पोटावर असताना तोंड मिटून घ्यायची तीस वर्षांची सवय. शंका तिनं पदराला बांधून घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी तशीच बांधून परत आणली. त्या एका दिवसासाठी तिला पुढं कायम स्वतःचा राग येत राहिला.

तिसऱ्या दिवशी तिनं तेल लावायच्या आधी खिडकीचा पडदा सारला. उजेडात दत्तोबांच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळसर दिसत होता. घोट्याजवळ अंगठा दाबला, तर खळगा पडला आणि भरून यायचं नाव घेईना. मग एक तळवा पोटाच्या एका बाजूला ठेवून तिनं दुसऱ्या बाजूला टिचकी मारली. भरल्या मडक्याला मारावी तशी. आतून एक लाट आली आणि तळव्याला येऊन थडकली.

"आबा, जरा पडून राहा," असं म्हणून तिनं हात पुसले आणि ती राजेश्वरी मॅडमच्या खोलीत गेली.

पोटात पाणी झालंय, कावीळ दिसतेय, आज दवाखान्यात नेलं नाही तर हा माणूस हातचा जाईल, असं तिनं सरळ सांगितलं. मॅडम वाईट बाई नव्हत्या. पण त्यांना भीती वाटली, आणि भ्यालेलं माणूस आधी कागद शोधतं. त्यांनी फॉर्म काढला. त्यांनी स्वतःच लिहिलंय ना, काही आजार नाही? मग आपण कोण सांगणारे? उगाच काही बोललो आणि तसं नसलं तर? नुसता वरवर हात फिरव, तेल लाव, सात दिवस होऊ देत, मग जातील आपले ते. आणि वर म्हणाल्या, "हिरा, तू थेरपिस्ट आहेस. डॉक्टर नाहीस."

"म्हणूनच थांबले," हिरा म्हणाली.

मग मी सारिकाला पाठवते, असं मॅडम म्हणाल्या. सारिका हिराच्याच हाताखाली शिकलेली पोरगी. ती दारातच टॉवेलांचा ढीग घेऊन उभी होती आणि सगळं ऐकत होती. तिनं टॉवेल खाली ठेवले, मोरीवर गेली आणि कोपरापर्यंत हात धुऊन कोरडे करून पदराखाली घेतले. मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, हिराकडं पाहिलं, आणि म्हणाल्या की तुला एवढंच कळत असेल तर उद्यापासून येऊ नकोस.

"उद्या माझे तिघं जण ठरलेत. मी येणार," असं म्हणून हिरा परत आतल्या खोलीत गेली.

दत्तोबा तसेच पडून होते. सदरा छातीपर्यंत वर घेतलेला, तुळशीची माळ एका खांद्यावर घसरलेली. हिरानं तेलाची वाटी उचलली. स्टीलची, केंद्राचा शिक्का असलेली, सगळ्या एकसारख्या. त्यातलं तेल तिनं बरणीत ओतलं, आणि टेबलाशेजारच्या स्टुलावर वाटी पालथी घातली.

तिनं हे ठरवून केलं नव्हतं. हातांनी केलं. पण वाटीचा स्टुलावर टक्क आवाज झाला आणि दत्तोबा कोपरावर अर्धवट उठले.

"ती सरळ कर."

"न्हाई, आबा."

"सरळ कर म्हनतो." त्यांचा श्वास लागला होता. "आमच्या उंबऱ्यावर तुज्या आईनं अशीच घातलीती. माजा धाकटा भाऊ, गेणू. तिसऱ्या दिशी गेला त्यो. सगळी आळी म्हनायची, शालूची वाटी पालथी पडली की मानूस जातोच. अवलक्षनी हात हुता तिचा."

हिराला ती संध्याकाळ माहीत होती. आई घरी येऊन न जेवता भिंतीला टेकून बसली होती. त्यानंतर वरच्या आळीतली बोलावणी कमी होत गेली, आणि आली तरी निरोप्या दारातूनच बजावायचा, वाटी पालथी घालायची नाही बघ. आईनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. हिराला इतकी वर्षं वाटायचं की आईला त्याचं काही नसेल.

"गेणूकाकांना दवाखान्यात कवा न्हेलं?" तिनं विचारलं.

दत्तोबांनी घसरलेली माळ गळ्यात सारखी केली.

"आईनं वाटी घातली सोमवारी. मला आठवतंय, आदल्या दिशी शाळेला आयतवारची सुट्टी हुती. कवा न्हेलं, आबा?"

"मंगळवारी उतारा टाकला. बुधवारी जीप बघितली."

"मंग?"

"कामशेताच्या अलीकडंच संपलं सगळं."

खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजत होता, चिक्कीवाल्याच्या दुकानापुढं गाड्यांची रांग लागली असणार. हिरानं दत्तोबांना पुन्हा आडवं केलं. तिनं उजवा तळवा त्यांच्या उजव्या बरगडीखाली ठेवला, आईनं शिकवला होता तसा, आणि मग आईनं कधी केलं नव्हतं ते केलं. हात पोटावर ठेवून ती बोलली.

"वाटी मानूस जावा म्हनून न्हवती, आबा. दवाखान्यात जावा म्हनून हुती. आईला तुमच्या आळीत बोलायची सोय न्हवती. मला हाय. म्हनून ऐका. हितं पानी साटलंय. डोळं पिवळं झाल्यात, पायाला सूज हाय. हे हाताचं काम न्हाई. ह्याच्यावर चोळनं म्हंजी तुमचा येळ खानं. आज जावा. उद्या न्हाई, आज."

ते दचकले नाहीत. हिराचा हात पोटावरच होता, आणि हाताला कळतं. ज्याला नवी बातमी मिळते त्याचं पोट आत ओढलं जातं. दत्तोबांचं पोट हललंही नाही.

"तुमाला ठावं हाय," ती म्हणाली.

"मला बरं वाटायला लागलं हुतं," ते म्हणाले. "तुज्या हातानं."

"बरं वाटतंय तेच वंगाळ हाय. बरं वाटलं म्हनून तुमी गोळ्या टाकल्या."

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग हळूहळू, भिंतीशी बोलावं तसं सांगत गेले. लिव्हर गेलं असं कळलं की लोक एकच म्हणतात. आणि दुसऱ्या कुणाचं नाही, दत्तोबाचं. ज्यानं बाटली आडवी केली, त्याच्या पोटात बाटली निघाली. पारावर बसून हसतील. दुकानवाला तर पेढे वाटेल. चौदा वर्षं ज्या बाया दत्तोबाचं नाव सांगून नवऱ्याला दटावत आल्या, त्यांनी उद्या कुणाचं नाव सांगायचं? मी थेंब घेतलेला नाही आयुष्यात, पण हे सांगत कुणाकुणाच्या दारात हिंडू?

"न पिनाऱ्याचं बी काळीज कडक हुतं," हिरा म्हणाली. "साखरंनं हुतं, जुन्या काविळीनं हुतं. आमाला शिकवलंय. तुमचं कशानं झालं ते डाक्टर सांगंल. आनि लोकांचं म्हनाल, तर लोकांच्या तोंडाला भिऊन तुमी मेला, तर लोक दहाव्याला येऊन तेच बोलतील. वर जेवून जातील."

दत्तोबांच्या पोटात काहीतरी हललं. ते हसत होते की काय, हे तिला पहिल्यांदा कळेना. हसत होते. मग तेही थांबलं.

"हिला सांगू नगंस," ते म्हणाले. "रतनला."

हिरानं हात काढून घेतला आणि त्यांचा सदरा नीट खाली ओढला. दुखणं तुमचं आहे, सांगायचं तर तुम्ही सांगा, मी तुमच्या तोंडचं काढून घेणार नाही, असं तिनं सांगितलं. पण सात दिवसांचं तीन दिवसांत का संपलं, हे मावशी विचारणारच. तेव्हा मी खोटं बोलणार नाही. गप्प उभी राहीन, आणि तुमच्याकडं बघेन.

तिनं त्यांना धरून उठवलं. चपला पायात सरकवल्या. सुजेमुळं अंगठा अडत होता.

बाहेर बाकावर रतनबाई चुरमुऱ्याचा पुडा उघडून बसल्या होत्या. नवऱ्याला इतक्या लवकर बाहेर आलेलं बघून त्यांनी पुडा मिटला. राजेश्वरी मॅडम लगबगीनं पुढं आल्या आणि हसून म्हणाल्या की काकांना आज जरा थकवा वाटतोय, आराम करू देत, बाकीचे दिवस नंतर कधीही या. रतनबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग मॅडमच्या खांद्यावरून हिराकडं बघून विचारलं, "काय गं पोरी? मधीच का सोडलं?"

हिरा गप्प उभी राहिली. तिनं दत्तोबांकडं बघितलं.

मॅडम पुन्हा काही बोलायला गेल्या, तर हिरानं हातानंच त्यांना थांबवलं, आणि त्या थांबल्या. आत सारिका टॉवेलांच्या घड्या घालत होती, ती पण थबकली. दत्तोबांनी एकदा दाराकडं पाहिलं, उतारावरच्या लाल झाडाकडं पाहिलं, जणू तिथून कुणीतरी आपल्या वतीनं बोलेल. मग बाकाचा कठडा धरून ते बायकोशेजारी बसले, दोघांच्या मधे नेहमी ठेवायचे तेवढं अंतर न ठेवता. रतनबाई त्यांच्या पायांकडं बघत होत्या. कदाचित त्यांनी ती सूज बघितलीच होती, कदाचित महिन्यापासून बघत होत्या.

"अगं, ऐक," दत्तोबा म्हणाले. "गॅस न्हाई मला. काळीज कडक झालंय. तळेगावच्या डाक्टरनं दिवाळीतच सांगितलं हुतं, मी एकलाच गेलतो. त्या गोळ्या त्याच्याच हुत्या, ॲसिडिटीच्या न्हवत्या. फाइल गोठ्याच्या माळ्यावर हाय, पेंढ्याच्या मागं."